सुमनताई, तुमचे सात मोगरे

सुमनताई, सातही झाडं फुलली.

हे आधी सांगून टाकलं, कारण पोटात ठेवून पुढचं लिहिणं मला जमलंच नसतं. सात म्हणजे बावखलाच्या तळ्याकाठची ती ओळ, जिच्याकडे बघून मागच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या बायासुद्धा मान हलवून गेल्या होत्या. नऊ दिवसांपूर्वी पहिल्या कळ्या दिसल्या तेव्हाच लिहायला बसणार होते, पण धीर झाला नाही. कळी गळायला एक गरम दुपार पुरते. म्हणून रोज जात राहिले, रोज वाकून बघत राहिले, आणि काल संध्याकाळी फाटकातून आत पाऊल टाकलं तर वास आधी आला आणि फुलं नंतर दिसली. सातव्या झाडापर्यंत मी चालत गेले नाही, धावत गेले. साठी उलटलेली बाई, एक चप्पल पाटाच्या चिखलात रुतलेली, आणि मी रुचाला हाका मारतेय. ती नुकतीच ऑफिसातून आली होती. पडशील गं, सावकाश, असं काहीतरी म्हणाली आणि मग स्वतःच माझ्यामागून धावत आली.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत आम्ही सगळे हळू बोलायला शिकलोय. काल पहिल्यांदा मला कुणाला तरी ओरडून काही सांगावंसं वाटलं, आणि ज्यांना सांगायचं त्या तुम्हीच होतात. मग म्हटलं, लिहूनच सांगू. माझं अक्षर तुम्हाला आवडायचं. मजकूर पटायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

आपण दोघी विहिणी, आणि विहिणी म्हटल्यावर लोक जे समजतात त्यातलं आपल्यात काहीच नव्हतं. रुचाचं आणि तुमच्या निखिलचं ठरलं तेव्हा मी धास्तावले होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीपायी मुंबईला आलेले आणि निवृत्तीनंतर बोळिंजला चौथ्या मजल्यावर स्थिरावलेले. तुम्ही होळी गावच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागायतदार. घरात तुम्ही मायलेक जी बोली बोलायचात ती मला निम्मीच कळायची. पहिल्या भेटीला मी साडी घेऊन आले होते. तुम्ही ती घेतलीत, कौतुकानं हात फिरवलात, कपाटात ठेवलीत, आणि मी निघताना माझ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोगऱ्याची तीन कलमं दिलीत. रिक्षात माझ्या मांडीवर पाणी गळत होतं आणि हे म्हणत होते, माणसं चांगली दिसतात.

मी शिक्षिका, म्हणून तुम्ही मला 'बाई' म्हणायला लागलात आणि शेवटपर्यंत बाईच म्हणालात. निखिल लग्नाआधी मला मावशी म्हणायचा, तेही तसंच राहिलं.

तिसऱ्याच महिन्यात आपण भांडलो, आठवतं? तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आला होतात. तुमच्या कलमांवर मावा पडला होता आणि मी गॅलरीत चष्मा लावून औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचत होते. एका लिटरला किती, झाकणाचं माप किती. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"बाटलीकडे काय बघताय बाई, झाडाकडे बघा. तहानलंय ते."

मला राग आला. तीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला कुणीतरी बाटली वाचू नका म्हणतंय. मी म्हटलं, झाडाकडे बघून औषधाचं माप कळत नाही. तुम्ही म्हणालात, माप बरोबर असलं म्हणजे सगळं बरोबर असतं असं नाही. मग चहा झाला आणि तुम्ही माझ्या कुंड्यांना तुमच्या हातानं पाणी घातलंत.

त्यानंतर प्रत्येक भेटीत हेच. तुम्ही बाटलीच्या तोंडावर अंगठा धरून अंदाजानं औषध ओतायचात, मी मापाचा चमचा पुढे करायची. मी हातमोजे आणून दिले, ते तुम्ही कारल्याच्या मांडवावर टांगून ठेवलेत आणि म्हणालात, पाखरं घाबरतात, उपयोगी आहेत. तुम्ही म्हणायचात, उन्हात फवारायचं नाही. मी विचारायची, कुठे लिहिलंय? मला खरंच असं वाटायचं की जे कुठेच लिहिलेलं नाही ते पाठांतर असतं, ज्ञान नव्हे.

आता ते सांगते जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मागच्या चैत्रात तुम्ही आगाशीला माहेरी लग्नाला गेलात, पाच दिवस. निखिल-रुचा सकाळी ऑफिसला जातात, म्हणून वाडीला पाणी मी येऊन घालते असं मीच म्हटलं होतं. तुम्ही जाताना मला सगळं दाखवलंत, कुठला वाल्व कधी उघडायचा, कुठल्या आळ्यात किती पाणी. औषधाचं नाव काढलं नाहीत. मी स्वयंपाक उरकून यायची, पोचेपर्यंत अकरा वाजून जायचे.

तिसऱ्या दिवशी बावखलाकडच्या सात झाडांच्या पानांखाली मला जाळी दिसली. बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि तिच्यात हलणारे लाल ठिपके. लाल कोळी. मी वर्गात भिंग घेऊन मुलांना दाखवलेले, पण स्वतःच्या जबाबदारीवर पहिल्यांदाच. ताई, मला आनंद झाला होता, हे मान्य करते. वाटलं, तुम्ही याल तेव्हा झाडं स्वच्छ झालेली असतील आणि मी म्हणेन, बघा, मापानं केलं.

पंपाच्या खोलीत कडुनिंबाच्या तेलाची बाटली होती. मी माप घेतलं, साबणाचे थेंब टाकले, ढवळलं, पंपात भरलं. एक थेंब इकडेतिकडे नाही. पाणी घालायचं राहिलं होतं, म्हटलं फवारून झाल्यावर घालू. तेव्हा साडेबारा वाजले होते. पानं उन्हानं माना टाकून बसली होती आणि मी त्यांच्यावर तेल मारत होते, वरून आणि खालून, अगदी नेमानं. तोंडाला पदर होता तेवढाच. मध्येच समुद्राकडचा वारा फिरला आणि फवारा माझ्याच डोळ्यांत आला. आग झाली, डोकं गरगरलं. नळाखाली तोंड धरून बराच वेळ बसले, मग सावलीत आडवी झाले. घरी गेल्यावर ह्यांना सांगितलं, ऊन लागलं.

दोन दिवसांनी पानं करपली. आधी कडा तपकिरी झाल्या, मग पान आतल्या बाजूला वळलं, मग विस्तवावर जास्त राहिलेल्या पापडासारखं झालं. हात लावला की चुरा. सातही झाडं. कळ्या होत्या त्या तशाच सुकून काळ्या पडल्या. मी पंपाच्या खोलीत जाऊन ती बाटली पुन्हा काढली आणि या वेळी कागद शेवटपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कडक उन्हात व कोमेजलेल्या झाडांवर फवारू नये. मी मापापर्यंत वाचून थांबले होते. प्रश्नपत्रिकेच्या सूचना पूर्ण वाचा म्हणून तीस वर्षं ओरडणारी मी.

तुम्ही आलात. हातातली पिशवी ओटीवर ठेवून आधी वाडीत गेलात. एक पान तोडलंत, बोटांत चुरलंत, नाकाशी नेलंत. मी मागे उभी होते. तोंडापाशी सगळं आलं होतं, आणि मी म्हटलं, "ताई, उन्हानं करपली हो."

तुम्ही पानाचा चुरा खाली टाकलात. "ऊन फार आहे यंदा," म्हणालात. बस्स.

नंतर तुम्ही जे केलंत ते मी रोज बघत होते. जुन्या सुती साड्या बांबूंना बांधून सातही झाडांवर सावली केलीत. करपलेल्या फांद्या लगेच कापल्या नाहीत. मी कात्री घेतली तर म्हणालात, आत्ता कापलं तर नवीन फूट येईल आणि तीही उन्हात जाईल, असू दे अंगावर. सकाळी मुळाशी गार पाणी, संध्याकाळी वाळलेल्या पानांचं पांघरूण. त्या वर्षी त्या सात झाडांनी एक फूल दिलं नाही. मी आठवड्यातून दोनदा बोळिंजहून यायला लागले, पाणी घालायला. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की बाई, आता मी आहे ना घरात, तुम्ही कशाला येता. फक्त जेवल्याशिवाय सोडायचा नाहीत.

आणि त्याच दिवसांत तुम्ही पंपाच्या खोलीच्या दाराला काळा रंग लावून घेतलात. म्हणालात, या वाडीत जो कोणी पंप हातात घेईल त्यानं दारावर लिहायचं, काय मारलं, कुठे मारलं, कधी मारलं. मी हरखून गेले. लिहिण्यावर विश्वास नसलेली बाई फळा करतेय, म्हणजे माझं शिकवणं कुठेतरी पोचलं. दुसऱ्या दिवशी मी खडूंचा अख्खा डबा घेऊन आले. तुम्ही तो हसत घेतलात. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

माघात तुम्ही आजारी पडलात. हॉस्पिटलात मी रोज दुपारी येऊन बसायची. एक दिवस ठरवूनच आले होते की आज सांगायचं. नर्स बाहेर गेली आणि मी सुरुवात केली, "ताई, त्या सात झाडांचं..." तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत. त्यांची छाटणी पौषात झाली आहे, म्हणालात, यंदा बघा. आणि मग आजारी माणसाला न शोभणाऱ्या उत्साहानं विचारलंत, कोळी पडला तर कधी फवाराल?

मी म्हटलं, संध्याकाळी. मधमाश्या घरी गेलेल्या असतात, रात्रभर पानाला वेळ मिळतो. तुम्ही उशीवर मान हलवलीत.

"संध्याकाळी पान तापलेलं असतं, बाई. भाकरी उतरवली म्हणून तवा लगेच गार होतो का? पहाटे मारा."

मी म्हटलं, पहाटे मारलं आणि दोन तासांत ऊन आलं तर? तुम्ही म्हणालात, म्हणून सूर्य उगवायच्या आत उरकायचं. मी म्हटलं, पुस्तकात दोन्ही वेळा सांगितल्या आहेत. तुम्ही म्हणालात, पुस्तकाला कुठे पहाटे उठावं लागतं. आपण दोघी एवढ्या मोठ्यानं बोलत होतो की नर्स आत आली आणि तिनं मला बाहेर काढलं. मी दारातून वळून बघितलं तर तुम्ही खुशीत होतात. तेच शेवटचं भांडण. सांगायचं ते राहूनच गेलं.

दिवसकार्य झाल्यावर निखिल म्हणाला, ती सात झाडं काढून तिथे पाण्याची टाकी बसवू. खाली बघून बोलला, झाडांकडे नाही. मी म्हटलं, मला एवढा उन्हाळा दे. तो म्हणाला, मावशी, त्यांच्यात आता काही नाही. मी म्हटलं, पौषात आईनं छाटली आहेत ती, कशासाठी छाटली? टाकीचा विषय तिथेच थांबला.

आता ऐका मी काय केलं. तुम्हाला हे ऐकायला आवडलं असतं.

शिमग्यानंतर गरम व्हायला लागलं आणि पानांखाली जाळी दिसली. मी बाटलीकडे गेलेच नाही. आधी झाडाकडे बघितलं. दुपारपर्यंत माती सुकलेली असायची. पहिले चार दिवस नुसतं पाणी, संध्याकाळी मुळाशी भरपूर आणि सकाळी पाइपचं तोंड दाबून जोरात, पानांच्या खालच्या बाजूला. निम्मे कोळी पाण्यानंच गेले. ताई, निम्मे. औषधाशिवाय. मला वाटलं वर्गात परत जावं आणि मुलांना सांगावं.

उरलेल्यांसाठी तेल काढलं, पण सगळ्या झाडांवर नाही. पहिल्या झाडाची एक फांदी निवडली, तिला सुतळी बांधली, तेवढ्याच फांदीवर मारलं आणि दोन दिवस थांबले. त्या दोन दिवसांत माझं घरात लक्ष नव्हतं. ह्यांना आमटीत दोनदा मीठ मिळालं. तिसऱ्या दिवशी फांदी हिरवीगार होती. मग सगळी सात.

त्यासाठी मी पहाटे उठले. हो, पहाटे. भांडण मिटलेलं नाही, पण तुमच्या वाडीत तुमची वेळ पाळायची असं ठरवलं. आमच्या बिल्डिंगखाली एक रिक्षावाला राहतो, त्याला सांगून ठेवलं होतं. उजाडताना मी होळी गावात पोचायची. ह्यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, डोक्याला घट्ट फडकं. रुचानं मला पहिल्या दिवशी तशी बघितली आणि तिच्या हातून दुधाचं पातेलं सुटायचं राहिलं. आधी वारा बघायचा. माडाच्या झावळ्या हलत असल्या तर परत घरात जाऊन चहा प्यायचा आणि त्या दिवशी पंप उचलायचाच नाही. झावळ्या गप्प असल्या तर झाडाएवढंच मिश्रण करायचं, उरवायचं नाही. पानाच्या खालून मारायचं, निथळेपर्यंत नाही, ओलं होईपर्यंत. पलीकडच्या शिराळ्याच्या वेलावरच्या फुलांकडे तोंड करायचं नाही, तिथे उजाडलं की मधमाश्या येतात. पहिलं ऊन माडांच्या शेंड्यावर दिसलं की थांबायचं, झाड अर्धं राहिलं असलं तरी. मग पंप तीनदा धुवायचा, हात साबणानं, शर्ट वेगळा भिजत. आणि दारावर लिहायचं. ज्या दिवशी फार तापणार असं बातम्यांत सांगितलं त्या दिवशी मी नुसती येऊन पाणी घालून गेले.

दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीनदा फवारलं. तुमचं आणि माझं, दोन्ही केलं. माप माझं, झाड तुमचं. इतकं सोपं होतं ते, आणि आपण दोघींनी त्यासाठी चार वर्षं भांडण केलं. मजा मात्र आली, हे तुम्हीही नाकारणार नाही.

शेवटची फवारणी एका रविवारी झाली. बुधवारी पानं बघायला गेले तर निखिल पाइप घेऊन त्या सात झाडांपाशीच उभा होता. पहाटे सहाला, ऑफिसच्या कपड्यांत, पॅंट दुमडून. मी विचारलं, तू कधीपासून? तो म्हणाला, रोजच घालतो, मागच्या उन्हाळ्यापासून, फवारणीच्या पहाटे तेवढं नाही. मी चकित झाले. आठवड्यातून दोनदा येऊन मी ज्या आळ्यांत पाणी घालत होते ती नेहमी आधीच ओली कशी असायची याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. मी समजत होते, तुम्ही घालता.

आणि तुम्ही तर मला नेहमी सांगायचात की निखिलला वाडीत रस नाही. तुमच्यानंतर वाडीचं काय होईल, एवढी एकच काळजी तुम्ही माझ्याजवळ बोलून दाखवली होतीत.

त्याच सकाळी, तो पाइप धरून उभा असताना, मी वाकून पान उलटं केलं आणि मला कळी दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी. मग दुसरी, मग शेंड्याला तीन. मी निखिलला खाली ओढलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एकेक झाड बघत गेलो. तिसऱ्या झाडाशी मोजणं सोडून दिलं. सातव्या झाडाशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, निखिल, मागच्या वर्षी ही झाडं मी जाळली. भर दुपारी तेल मारलं, तहानलेल्या पानांवर. आणि तुझ्या आईला सांगितलं, उन्हानं करपली.

तो म्हणाला, "मावशी, ती मी जाळली."

तुम्ही आगाशीला गेलात त्याच संध्याकाळी त्याला जाळी दिसली होती. त्यानं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, गंधकाची पुडी आणली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी पाण्यात कालवून मारली. उन्हाळ्यात गंधक नको, हे तुम्ही त्याला लहानपणापासून सांगितलेलं. त्याला आईला चकित करायचं होतं. त्यानंतर लगेचच त्याच पानांवर मी तेल मारलं. गंधकावर तेल, आणि वर चैत्राचं ऊन. एवढं रसायनशास्त्र मला येतं, ताई. पानं वाचणं शक्यच नव्हतं. एकट्याच्या चुकीनं कदाचित चार पानं गेली असती. दोघांनी मिळून सात झाडं जाळली आणि दोघांनीही एकमेकांपासून लपवलं.

मी त्याला विचारलं, मग आईला काय सांगितलंस? तो म्हणाला, उन्हानं करपली. मी विचारलं, मग आई काय म्हणाली? तो म्हणाला, ऊन फार आहे यंदा.

तुम्ही पान बोटांत चुरून नाकाशी नेलं होतंत. त्यात गंधकाचाही वास होता आणि तेलाचाही. तुम्हाला वाडीत पाऊल टाकल्यापासून सगळं ठाऊक होतं. दोन माणसांनी येऊन तेच खोटं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही दोघांना तेच उत्तर दिलंत. मग दाराला काळा रंग लावून घेतलात. कोण काय मारतं ते दुसऱ्याला कळावं म्हणून. मी आणलेल्या खडूंच्या डब्याकडे बघून तुम्ही का हसलात, ते मला एक वर्षानं कळलं.

आधी मी हसायला लागले, मग तो. वाडीच्या मध्यभागी, चिखलात गुडघे, सकाळचे साडेसहा, घरातलं माणूस जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि सासू-जावई पोट धरून हसताहेत. कुंपणापलीकडून शेजारच्या वाडीतली बाई बघायला आली आणि काही न विचारता परत गेली. आणि हसता हसता निखिलचा आवाज बदलला. ताई, तुमच्या मुलाला मी स्मशानातून आल्यावर रडताना बघितलं नव्हतं, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. रुचा मला फोनवर सांगायची, तो बोलतच नाही. तो त्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. पाइप तसाच चालू होता. मी बंद केला नाही.

तुमच्यावर मी रागावले आहे, हे सांगायला हवं. सांगितलं असतंत तर मी वर्षभर जी बोच घेऊन फिरले ती फिरले नसते. हॉस्पिटलात मी तोंड उघडलं तेव्हा तरी बोलू द्यायचं होतं. मग मी विचार करते. बोलला असतात तर मी माफी मागितली असती, तुम्ही असू दे म्हणाला असतात, आणि मी आठवड्यातून दोनदा बोळिंजहून आले नसते. निखिल पहाटे उठला नसता. तुम्ही हे ठरवून केलंत की तुम्हाला कुणाला लाजवायचं नव्हतं एवढंच, हे मला कधीच कळणार नाही. निखिलला वाटतं, ठरवून. मला वाटतं, तुम्ही नुसत्या थांबलात. विचारायला तुम्ही नाही आहात, तेव्हा आता हे भांडण मी आणि निखिल घालतो.

टाकी विहिरीकडे बसणार आहे. त्यानं कालच सांगितलं.

काल संध्याकाळी फुलं बघितल्यावर रुचा आतून परडी घेऊन आली. तुमच्या फोटोपुढे पहिली ओंजळ ठेवायची होती तिला, मलाही. तिनं फांदी वाकवली तोच निखिल ऑफिसातून आला आणि फाटकातूनच म्हणाला, तोडू नकोस. फवारल्यावर दोन आठवडे त्या झाडाचं फूल घरात येत नाही, देवाला नाही, केसांत नाही, कुणाच्या हातातही नाही. तुमचा नियम. मला ठाऊकच नव्हता, कारण तो कुठे लिहिलेला नव्हता. रुचा म्हणाली, अरे कडुनिंबच तर आहे, आणि आईसाठीच तर नेतेय.

"रविवारी दोन आठवडे होतात," निखिल म्हणाला. "आत्ता नेलीस तर आई ओरडेल."

ओरडेल, म्हणाला. ओरडली असती, असं नाही म्हणाला.

रुचानं फांदी सोडली. कालची सगळी फुलं झाडावरच राहिली. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत तिथे उभे होतो, कुणीच काही तोडलं नाही. म्हणून ताई, तुमच्या फोटोपुढे आज फूल नाही. शुक्रवार आहे आज. रविवारी उजाडायच्या आत मी येते, आणि पहिली कळी निखिल तोडणार आहे.

दोन दिवस थांबा.